वीरगळ, वेताळ आणि शाळेचा वर्ग : चित्रकथेतील वीराचा शैक्षणिक विचार

१. विषयाची मांडणी

अतिमानवी सामर्थ्य असलेल्या वीरांच्या चित्रकथा आणि चित्रकादंबऱ्या यांचा शाळेच्या वर्गात वाचनाची गोडी लावण्यासाठी उपयोग करावा किंवा नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा परदेशातून आलेला प्रश्न म्हणून चर्चिला जातो. ‘सुपरहिरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीरांचा जन्म १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅनच्या रूपाने झाला, आणि ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा रूढ झाली ती विल आयझनर यांच्या १९७८ सालच्या पुस्तकानंतर. त्यामुळे या साहित्यप्रकाराचा शिक्षणाशी संबंध जोडणे म्हणजे एखादी नवी विदेशी पद्धत उचलणे होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. या प्रकाराचा पुरस्कार करणारे व त्यास विरोध करणारे, दोघेही हा समज गृहीत धरून चालतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य याहून निराळे आहे. चित्रांच्या क्रमातून वीराची कथा सांगणे आणि ती कथा लहानथोरांनी ‘वाचणे’ ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. चित्रातील वीर मुलाला पुस्तकाकडे ओढून आणतो काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासाने होकारार्थी दिलेले आहे. खरा वादाचा मुद्दा त्यापुढचा आहे. चित्रकथेतील वीर एकटा असतो. इतिहास एकट्याचा नसतो. मुलाला वाचनाकडे आणणारा हा वीर त्याला इतिहासाच्या यथार्थ आकलनापासून दूर नेत असेल, तर शिक्षकाने काय करावे? या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी अखेरीस अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी या गावाचे उदाहरण घेतले आहे. कारण एका व्यक्तीच्या नावाने देशभर ओळखले जाणारे, परंतु अनेकांच्या श्रमाने उभे राहिलेले असे दुसरे गाव सहसा आढळणार नाही.

२. पाषाणातील चित्रकथा

महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या वेशीवर, जुन्या देवळांच्या आवारात किंवा पाराशेजारी वीरगळ उभे असलेले दिसतात. गावाचे, गोधनाचे किंवा स्वामीचे रक्षण करताना पतन पावलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभारलेली ही शिळा असते. तिच्या दर्शनी भागावर एकावर एक असे तीन किंवा चार कप्पे कोरलेले असतात. सर्वांत खालच्या कप्प्यात बहुधा वीर धारातीर्थी पडलेला असतो, आणि गोधनासाठी लढाई झाली असेल तर शेजारी गायींची रांग दाखविलेली असते. त्याच्या वरच्या कप्प्यात युद्धाचा प्रसंग, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जात आहेत असे दृश्य, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत असल्याचे चित्र असते. माथ्यावर कलश असतो. अनेक ठिकाणी त्याच्या दोन्ही बाजूंस चंद्र-सूर्य कोरलेले असतात. स्मृती चंद्रसूर्य असेतोवर टिकावी, हा त्याचा अर्थ.

एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी संपादिलेल्या स्मारकशिलांवरील १९८२ सालच्या ग्रंथाने या शिळांच्या अभ्यासास व्यापक अधिष्ठान मिळवून दिले. त्यांचा विचार मुख्यतः धर्म, लोकदैवते आणि ग्रामरचना यांच्या अंगाने झालेला आहे. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वीरगळ खालून वर ‘वाचावा’ लागतो. दोन कप्प्यांच्या मध्ये जे घडले ते दगडावर कोरलेले नाही; ते पाहणाऱ्याने मनाने भरून काढावयाचे असते. वीर पडला कसा, त्याला स्वर्ग कोणत्या पुण्याईने मिळाला, हे दोन चित्रांमधील मोकळ्या जागेत दडलेले आहे. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथांच्या तंत्राचे विवेचन करताना दोन चौकटींमधील रिकाम्या पट्टीला आणि ती भरून काढणाऱ्या वाचकाच्या कल्पनेला जे महत्त्व दिले, त्याचा प्रत्यय आपल्या वेशीवरील शिळेतही येतो. अक्षरओळख नसलेला गुराखी या अर्थाने वाचक होता.

वीरगळाचे दुसरेही एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. त्यातील वीर मर्त्य आहे. कथेचा आरंभच त्याच्या मृत्यूने होतो. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, म्हणून त्याचे नावही आपणांस ठाऊक नसते. त्याची थोरवी त्याच्या अंगच्या अलौकिक शक्तीमुळे नसून ज्यांच्यासाठी तो पडला त्या गावामुळे आहे, आणि शिळा उभी राहिली ती मागे राहिलेल्यांनी उभारली म्हणून. अतिमानवी वीराची कल्पना आणि ही कल्पना यांतील अंतर पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

पाषाणाखेरीज कागदावरही ही परंपरा चालत आली. चालुक्य नृपती सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा निर्देश आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी ही कला आजवर जतन केली आहे. चित्रांची पोथी मांडून एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगावयाचा, असे तिचे स्वरूप. या कलेच्या सेवेबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. चित्रकथीत चित्र मुके असते, त्याला वाचा फोडतो तो सांगणारा. आणि श्रोत्याने शंका विचारली तर तो थांबून उत्तरही देऊ शकतो. वर्गातील शिक्षकाचे स्थान नेमके हेच आहे.

३. मुद्रित चित्र आणि मराठी बालवाचक

मुद्रणकला आल्यावर चित्रकथेचे माध्यम बदलले. या बदलात अहमदनगरचा वाटा मोठा आहे. १८३१ पासून तेथे ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा चालविल्या, आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. सिंथिया फॅरार या मिशनच्या शिक्षिकेने मुलींच्या शिक्षणाचे काम तेथे दीर्घकाळ केले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते तिच्याच संस्थेत. याच मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे सचित्र मासिक काढले. मराठीतील बालनियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान अग्रभागी आहे.

दुसरा प्रवाह पुण्याचा. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली चित्रशाळा स्थापन केली. तिने शिलामुद्रणाने छापलेली देवादिकांची व पेशवाईतील कर्त्या पुरुषांची चित्रे घरोघरी पोहोचविली. इतिहासातील पुरुष कसे दिसत असावेत याविषयीच्या आपल्या कल्पना पुष्कळ अंशी या चित्रांनी घडविल्या आहेत. पुढे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने याच कामाचा विस्तार केला. तथापि ही चित्रे सुटी होती. त्यांतून क्रमाने कथा सांगितली जात नव्हती. वीर भिंतीवर आला, पण तो अद्याप पुस्तकाच्या पानांतून धावू लागला नव्हता.

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक सुरू केले तेव्हापासून मराठी मुलांना स्वतःचे असे नियमित वाचन मिळू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात भा. रा. भागवत यांनी १९५१ साली ‘बालमित्र’ काढला, आणि १९५२ साली मद्रासच्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. ‘चांदोबा’तील विक्रम आणि वेताळ यांचे चित्र मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या स्मरणात राहिले आहे. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा आणि त्याला प्रश्न घालणारा वेताळ, ही रचना अध्यापनाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. कारण तीत प्रत्येक कथा एका प्रश्नाने संपते, आणि राजाने उत्तर देण्यापूर्वी वाचक ते मनाशी ठरवून पाहतो.

४. भीतीचे पर्व

ज्या काळात ‘चांदोबा’ मराठी घरांत स्थिरावत होता, त्याच काळात पाश्चात्त्य देशांत चित्रकथांविरुद्ध मोठे वादळ उठले. फ्रेडरिक वर्थम या मानसचिकित्सकाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालगुन्हेगारीचा संबंध चित्रकथांशी जोडला. त्याच वर्षी अमेरिकन सीनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर नियमावलीचे बंधन घालून घेतले. ब्रिटनमध्ये १९५५ साली कायदा झाला. त्यामागोमाग १९५६ साली भारतीय संसदेनेही तरुणांस अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविषयीचा अधिनियम संमत केला. गुन्हे, हिंसा व क्रौर्य किंवा बीभत्स प्रसंग यांचे मुख्यत्वेकरून चित्रण करणाऱ्या, आणि त्यायोगे वीस वर्षांखालील व्यक्तीस बिघडविण्याकडे कल असलेल्या कथांना, मग त्या चित्रमय असोत वा नसोत, त्याने प्रतिबंध केला.

या घटनाक्रमातील एक विसंगती लक्षणीय आहे. आपल्याकडे देशी चित्रकथांचा व्यवसाय खऱ्या अर्थाने सुरू होण्यापूर्वीच तिच्याविषयीच्या भीतीस कायद्याचे रूप मिळाले होते. चित्रकथा वाचणारा मुलगा बिघडतो, ही समजूत आपल्या शिक्षकांत व पालकांत दीर्घकाळ टिकली. पुढे २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांच्या मूळ कागदपत्रांची छाननी करून, त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केल्याचे व काही पुरावा आपल्या मताला सोयीचा होईल असा मांडल्याचे दाखवून दिले.

याउलट, वर्थम यांच्या दहा वर्षे आधीच अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला होता. १९४४ साली शैक्षणिक समाजशास्त्रास वाहिलेल्या एका नियतकालिकाचा संपूर्ण अंक चित्रकथांवर निघाला, आणि त्यात डब्ल्यू. डब्ल्यू. डी. सोन्स यांनी अध्यापनातील चित्रकथांच्या उपयोगाचे विवेचन केले. मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी हॅरल्ड डाउन्स या शिक्षकाने सुपरमॅनच्या कथांवर आधारित भाषेची स्वाध्यायपुस्तिका तयार केली होती. अतिमानवी वीर वर्गात नेण्याचा हा आरंभीचा एक बुद्धिपुरस्सर प्रयत्न होय. म्हणजे भीती आणि उपयोग या दोन्ही कल्पना जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. आपल्यापर्यंत मात्र भीती आधी पोहोचली.

५. वेताळ, बहादूर आणि अमर चित्रकथा

१९६४ सालच्या मार्चमध्ये मुंबईच्या टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा त्यातील प्रमुख वीर. हा वीर मराठीत आला तो ‘वेताळ’ या नावाने. हे नामकरण अभ्यासनीय आहे. वेताळ हे महाराष्ट्रात आणि कोकण-गोव्यात क्षेत्ररक्षक दैवत म्हणून पूजिले जाते. रात्री तो गावाभोवती फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. जंगलात राहणारा, मुखवटा धारण करणारा, दुष्टांना शासन करणारा आणि लोकांत अमर मानला जाणारा परदेशी वीर या नावामुळे मराठी मुलाला परका वाटला नाही. वस्तुतः मूळ कथेत फँटम अमर नाही. पित्यामागून पुत्र तोच वेष धारण करतो आणि लोक त्याला एकच समजतात. अमरत्व हा एक संकेत आहे, आणि तो पाळणारे अनेक मर्त्य पुरुष आहेत. जाणत्या शिक्षकाला एवढ्या एका गोष्टीवर इतिहासाचा एक संपूर्ण तास घेता येईल.

या वीरात दोषही आहे. गौरवर्णी पुरुष वन्य जमातींवर राज्य करतो आणि त्या जमाती त्याला देवतुल्य मानतात, ही कल्पना वसाहतवादाच्या काळातील आहे. भारतीय आवृत्तीत ‘बंगाला’ या देशाचे ‘डेंकाली’ असे नामांतर करण्यात आले. परंतु नाव बदलल्याने दृष्टी बदलत नाही. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला ‘बहादूर’ हा या दृष्टीने पुढचा टप्पा मानावा लागेल. त्याची चित्रे गोविंद ब्रह्माणिया यांनी काढली. बहादूर दरोडेखोराचा मुलगा. अंगात कुडता आणि जीन्सची विजार. त्याच्यापाशी दैवी शक्ती नाही. दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्यासाठी तो नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. मुखवट्यामागील एकट्या वीराची जागा येथे संघटनेने घेतली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘इंद्रजाल’चे प्रकाशन १९९० साली थांबले.

दरम्यान १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नस्पर्धेत दिल्लीतील विद्यार्थ्यांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या मातेचे नाव सांगता आले नाही, हे पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असे पै सांगत असत. या मालेच्या घडणीत मराठी कलावंतांचा वाटा फार मोठा आहे. कृष्णकथेची चित्रे राम वाईरकर यांनी काढली. शिवाजी महाराजांवरील चित्रकथेची संहिता भा. रा. भागवत यांची आणि चित्रे प्रताप मुळीक यांची. ‘फास्टर फेणे’ या फुरसुंगीच्या चपळ मुलाला मराठी बालसाहित्यात अढळपद मिळवून देणारे भागवत आणि पुढे ‘नागराज’ या हिंदीतील अतिमानवी वीराचे चित्रण करणारे मुळीक एकाच ऐतिहासिक चरित्राच्या निमित्ताने एकत्र यावेत, यावरून इतिहासपुरुष, साहसी बालनायक आणि अतिमानवी वीर या तिघांमधील सीमारेषा किती पुसट आहेत हे दिसून येते.

पै यांना शाळांचे महत्त्व ठाऊक होते. १९७८ साली शालेय शिक्षणातील चित्रकथांच्या कार्याविषयी दिल्लीत परिसंवाद झाला आणि ‘अमर चित्रकथे’स शाळांच्या ग्रंथालयांत प्रवेश मिळत गेला. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने पाठ्यपुस्तके सचित्र व आकर्षक करण्याकडे लक्ष पुरविले आणि १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केले. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविण्याची पद्धत येथे दीर्घकाळ चालत आली. तेव्हा मराठी मुलाची इतिहासाशी पहिली शालेय भेट एका वीराच्या चरित्रातूनच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

‘अमर चित्रकथे’वर विद्वानांनी जे आक्षेप घेतले त्यांचे सार असे, की तीत इतिहास म्हणजे असामान्य व्यक्तींची मालिका ठरते आणि सामाजिक संघर्ष व्यक्तिगत गुणांच्या कथेत विरघळून जातात. डॉ. आंबेडकरांवरील १९७९ सालच्या चित्रकथेची संहिता एस. एस. रेगे यांची व चित्रे दिलीप कदम यांची आहे. तिच्याशेजारी २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘भीमायन’ ही चित्रकादंबरी ठेवून पाहावी. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी तीत चौकटी वापरल्याच नाहीत. चौकटीत माणसे कोंडणे आपणांस मानवणारे नाही, अशी त्यांची भूमिका होती. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. तिची प्रकरणे पाणी, निवारा आणि प्रवास यांभोवती रचलेली आहेत. बाल भीमरावाला नाकारलेले पाणी हे एकट्या मुलाचे दुःख म्हणून न राहता समाजरचनेचे चित्र होते. त्याच वर्षी महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारित चित्रकादंबरीही प्रसिद्ध झाली. श्रीविद्या नटराजन यांनी दोन्ही पुस्तकांच्या संहितांत भाग घेतला आहे. थोर पुरुषाचे दर्शन घडवूनही त्याच्याभोवतीचा समाज अदृश्य होऊ न देणे चित्रांना शक्य आहे, याचा हा पुरावा होय.

६. राळेगणसिद्धीची कसोटी

आता ज्या गावाचा आरंभी उल्लेख केला तेथे वळू. राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातील अवर्षणप्रवण गाव. तेथे पहिली शाळा १९३२ साली निघाली, ती एका खोलीची. १९६२ साली गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने आणखी खोल्या बांधल्या. १९७१ साली, म्हणजे ‘किशोर’चा पहिला अंक निघाला त्या वर्षी, गावातील साक्षरांचे प्रमाण शेकडा तीसच्या सुमारास होते. पुढील शिक्षणासाठी मुले शिरूर किंवा पारनेर येथे जात. मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपे. चित्रकथांच्या सुवर्णकाळाचे आपण वर्णन करतो तेव्हा, ज्या गावांत दहांपैकी सात माणसांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांचे विस्मरण होऊ नये, यासाठी ही नोंद आवश्यक आहे.

१९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर घेतलेल्या विवेकानंदांच्या एका छोट्या पुस्तकाने आपले आयुष्य बदलले, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, दारूबंदी, पाणलोटाची कामे आणि श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ही पंचसूत्री यांतून गावाचे रूप पालटले. १९७९ साली गावकऱ्यांनी संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ नोंदवून माध्यमिक शाळा काढली. इतरत्र नापास झालेल्या मुलांना या शाळेत व वसतिगृहात आवर्जून प्रवेश दिला जातो, ही तिची ख्याती झाली. शिक्षणातून बाहेर फेकल्या गेलेल्या मुलाला पुन्हा पुस्तकाकडे कसे आणावे, हाच आपल्या विषयाचाही गाभा असल्यामुळे ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली.

२०११ सालच्या उपोषणानंतर हजारे यांची प्रतिमा देशभर एखाद्या चित्रकथेतील नायकासारखी उभी राहिली : पांढरी टोपी घातलेला एकटा पुरुष आणि समोर भ्रष्टाचाराचा राक्षस. समजा, एखाद्या शिक्षकाने आठवीच्या वर्गाला राळेगणसिद्धीची चित्रकथा काढावयास सांगितली. अतिमानवी वीराच्या साच्यात ती सहज बसेल. पहिल्या चौकटीत भेगाळलेली जमीन, दुसरीत गावात परतणारा सैनिक, तिसरीत खळाळणारे पाणी. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये काय आहे? तेथे बांध घालणारे शेकडो हात आहेत, ग्रामसभेतील वाद आहेत, चराईबंदीमुळे ज्यांची शेळ्या-मेंढ्यांची उपजीविका अडचणीत आली ती कुटुंबे आहेत. १९८०नंतरच्या दशकात दलित कुटुंबांचे कर्ज फिटावे म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्या शेतांत केलेले श्रम तेथे आहेत. आणि या ग्रामरचनेत दलितांचा स्वतःचा आवाज कितपत होता, हा मुकुल शर्मा यांनी ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ या २०१२ सालच्या ग्रंथात उपस्थित केलेला प्रश्नही तेथेच आहे.

आणखी एक मुद्दा. आरंभीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून शिक्षा देण्यात येत असे. ही गोष्ट हजारे यांनी लपविलेली नाही. अतिमानवी वीराच्या कथेत दुष्टाला वीरानेच शासन करावयाचे असते. न्यायालय तेथे नसते, आणि वाचकाला त्याची उणीवही भासत नाही. प्रत्यक्ष गावात मात्र शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न टाळता येत नाही. १९८६-८७ साली निघालेल्या ‘वॉचमेन’ या चित्रकादंबरीने अतिमानवी वीरांविषयी हाच प्रश्न विचारला होता. वेषधारी वीरांवर पहारा कोण ठेवणार, हा तिचा विषय. पारनेर तालुक्यातील मुलाला तो प्रश्न न्यूयॉर्कच्या संदर्भाशिवायही समजू शकेल, कारण त्याची सामग्री शेजारच्या गावात उपलब्ध आहे.

७. अध्यापनाची रीत

वरील विवेचनावरून चित्रकथांच्या वर्गातील उपयोगाविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी, की चित्रकथा ही वाचनाची केवळ पायरी नव्हे. ते स्वतंत्र वाचन आहे. मंद वाचकासाठी केलेली सवलत म्हणून ती हाती दिली तर मुलाला तो आपला अपमान वाटतो. चित्रांचा क्रम लावणे, मधील जागा भरणे, चेहऱ्यावरील भाव आणि फुग्यातील शब्द यांत विरोध असल्यास तो ओळखणे, या क्रिया बौद्धिक श्रमाच्याच आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषद यांनी २०२१ साली पाठ्यपुस्तकांशी निगडित शंभरांहून अधिक चित्रकथा उपलब्ध करून दिल्या, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र पाठातील मजकूर फुग्यांत भरला म्हणजे चित्रकथा झाली, असे होत नाही. जेथे चित्र काहीच नवे सांगत नाही तेथे मुलगा चित्र पाहणे सोडून देतो, आणि मजकूर तर त्याने आधीच सोडलेला असतो.

दुसरी गोष्ट शिक्षकाच्या भूमिकेची. चित्रकथीकार चित्रापाशी उभा राहून बोलत असे. चित्रकादंबरी मुलाच्या हाती देऊन शिक्षक बाजूला झाला तर वीर उरतो आणि प्रश्न हरवतो. विक्रमाच्या कथेतील वेताळाप्रमाणे शिक्षकाने प्रत्येक कथेच्या अखेरीस प्रश्न घातला पाहिजे : या प्रसंगी आणखी कोण उपस्थित होते? त्यांना चौकटीत जागा का मिळाली नाही? मिळाली असती तर कथा कशी बदलली असती? शिवचरित्राच्या पाठानंतर प्रतापगडच्या चित्रात दोन पुरुषांखेरीज इतरांना रेखाटावयास सांगितले, तर गडावरील शिबंदी, वाटाडे, हेर, स्वयंपाकी आणि बारगीर यांचा शोध घेणे मुलाला भाग पडेल. हा शोध घेण्यासाठी त्याला चित्रकथेबाहेरचे पुस्तक उघडावे लागेल, आणि तेच आपले उद्दिष्ट आहे.

तिसरी गोष्ट स्थानिक साधनांची. वीरगळ पाहण्यासाठी खर्च लागत नाही. मुलांनी गावातील किंवा शेजारच्या गावातील वीरगळाचे कागदावर ठसे घ्यावेत, कप्प्यांचा क्रम लावावा, दोन कप्प्यांमधील कथा स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि मग हाती सुपरमॅनची किंवा नागराजची चित्रकथा घ्यावी. दोन्ही वीरांची तुलना करताना त्यांच्या सहज लक्षात येईल, की एकाला मरण नाही आणि दुसऱ्याची कथाच मरणापासून सुरू होते. एकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत आहे आणि दुसऱ्याचे नाव कोणी कोरलेले नाही. एक गावावर उपकार करतो आणि दुसऱ्याची आठवण गाव ठेवते. ही तुलना करू शकणारा विद्यार्थी इतिहासाच्या अभ्यासास पात्र झाला, असे समजण्यास प्रत्यवाय नाही.

८. समारोप

अतिमानवी वीरांच्या चित्रकादंबऱ्या वर्गात आणण्यास विरोध करणाऱ्यांची भीती मुले बिघडतील अशी होती. ती टिकणारी नाही, हे वर दाखविले आहे. पुरस्कर्त्यांची आशा मुले वाचू लागतील अशी आहे. ती सार्थ आहे, परंतु अपुरी आहे. मूल वाचू लागल्यावर काय वाचते आणि कोणाला वगळून वाचते, याची जबाबदारी शाळेवर राहतेच. नापास ठरलेल्या मुलाला वीराची कथा प्रिय असते, याचे कारण ती त्याला सामर्थ्याचे आश्वासन देते. ते आश्वासन मोडून टाकण्याचे कारण नाही. सामर्थ्य एकट्याच्या बाहूंत नसते, ते दोन चौकटींमध्ये उभ्या असलेल्या अनामिक माणसांत असते, आणि त्या माणसांत त्याचे आजोबा-आजीही होते, एवढे त्याला दाखवून द्यावयाचे आहे. राळेगणसिद्धीच्या बांधांवर ज्यांनी माती वाहिली त्यांची नातवंडे आज शाळेत जाण्याच्या वयाची आहेत. त्या मातीची चित्रकथा त्यांनी स्वतः काढावी, आणि ती काढताना घरातील वृद्धांना विचारून प्रत्येक पाटीमागचे नाव शोधावे. वीरगळ कोरणाऱ्याने जे नाव लिहिले नाही, ते लिहिण्याची संधी या पिढीला आहे.